पद्मिनीचा एसी उतरवताना

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी 1986 ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिला एसी नव्हता. तो नव्वदच्या दशकात आधीच्या मालकांनी मुंबईत बसवून घेतलेला. डॅशबोर्डखाली लोंबणारा काळा डबा, बॉनेटखाली गॅस दाबणारा कंप्रेसर, रेडिएटरच्या पुढ्यात तो गॅस थंड करणारा कंडेन्सर. गाडी पूर्ण खोलून पत्रा आणि रंग करायचं ठरलं, तेव्हाच हा सगळा सरंजाम खाली घ्यायचा हे मी मनाशी पक्कं केलं.

घरात विरोध झाला. "चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना घामानं निथळायचं काय?" हा बायकोचा सवाल, आणि तो काही खोटा नव्हता. पण इंजिन 1089 सीसीचं, ताकद जेमतेम 40 अश्वशक्ती. त्यातली तीन-चार कंप्रेसरच खाणार. घाटात दुसऱ्या गिअरवर एसी चालू ठेवला की टेंपरेचरचा काटा चढायला लागायचा, मग एसी बंद, काचा खाली. म्हणजे जिथं पाहिजे तिथंच बंद ठेवावा लागणारा एसी! आणि बेळगावात राहून गाडीला एसी पाहिजे म्हणणाऱ्याने एकदा जुलैच्या गारठ्यात त्याच वाटेवरच्या जांबोटीपर्यंत जाऊन यावं. पद्मिनीच्या पुढच्या दारांना ती तिकोनी काच दिलेली आहे, ती फिरवली की वारा थेट अंगावर येतो. कंपनीनं विचार करूनच दिलेली आहे ती.

खानापूर रोडच्या गॅरेजातल्या आमच्या मिस्त्रीमामांना काम किरकोळ वाटलं. "त्यात काय एवढं? व्हॉल्व्हची पिन दाबायची, फुस्स करून गॅस सोडायचा. संध्याकाळपर्यंत डबा खाली घेतो की." मी नको म्हणालो. मामा जरा खट्टू झाले, पण पाना खाली ठेवला.

कारण असं. त्या काळच्या गाड्यांच्या एसीत आर-12 भरायचे. हा सीएफसी जातीचा गॅस, ओझोनचा थर विरळ करणारा. 1987 च्या मॉन्ट्रिअल करारात हे गॅस कमी करायचं ठरलं, पुढे ते बंदच करायचं ठरलं, भारत 1992 मध्ये त्यात आला, आणि 2010 पर्यंत आपल्याकडे नेहमीच्या वापरासाठी सीएफसी तयार करणं थांबलं. हवेत सोडलेला आर-12 शंभरेक वर्षं वर तसाच राहतो. माझ्या एका गाडीनं आभाळ फाटणार नाही हे मलाही कळतं. पण डोळ्यांदेखत सोडून द्यायला मन होईना. दुसरं कारण जास्त जवळचं: गॅरेजात पलीकडच्या बाजूला टिंकरचं, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याचं, गॅस वेल्डिंग चालू असतं. आर-12 स्वतः पेटत नाही, पण ज्योतीत सापडला तर त्यातून फॉसजीनसारखे विषारी वायू तयार होतात. बंद शेडमध्ये हा खेळ नको.

आधी गॅस आहे की नाही आणि कोणता, हे बघायला हवं होतं. एसी कित्येक वर्षं थंड करत नव्हता, म्हणून सगळ्यांनी 'रिकामाच असणार' असं धरलेलं. वडगावचे एक फ्रिज दुरुस्तीवाले आहेत, जुन्या वॉटर कूलरची कामं अजून करतात. त्यांना गॅस ओढून घ्यायच्या मशीनसकट बोलावलं. त्यांनी टोपण काढून व्हॉल्व्हवर बोट फिरवलं. बाहेरून आटे होते. आटे असतील तर आर-12 ची जोडणी. नंतर आलेल्या आर-134ए ला आटे नसतात, तिथं कपलर खटकन बसतो. आमच्या पाइपांवर गॅस बदलल्याची चिठ्ठी किंवा जोडतुकडाही नव्हता. मग त्यांनी दाबाचा मीटर लावला. काटा उठून 75 पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास थांबला. "इन्नू गॅस ऐतरी," (अजून गॅस आहे) ते कानडीत म्हणाले आणि मामांकडे बघून हसले. मामा दुसरीकडे बघायला लागले.

इथं एक गोष्ट मला नव्यानं कळली. बंद एसीवर मीटर जो आकडा दाखवतो तो गॅस किती आहे ते सांगत नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तर दाब फक्त बाहेरच्या तापमानावर ठरतो. पंचवीस अंशांच्या आसपास आर-12 आणि आर-134ए दोघांचेही आकडे जवळजवळ सारखेच येतात, त्यामुळे मीटरवरून गॅस ओळखायला जाऊ नये. आटेच बघावेत.

मशीन लावून गॅस त्यांच्या सिलिंडरमध्ये ओढला. सिलिंडर आधी व्हॅक्यूम केलेला, वजनकाट्यावर ठेवलेला. 80 टक्क्यांच्या वर भरायचा नाही, कारण उन्हात द्रव फुगायला जागा लागते. काटा शून्याखाली गेल्यावर मी नळ्या काढायला हात घालणार, तर त्यांनी थांबवलं. चहा घेऊन आलो तर काटा परत वर चढलेला. कंप्रेसरच्या तेलात मुरलेला गॅस हळूहळू सुटत असतो. परत मशीन चालू. काटा खाली बसून तिथंच राहिला तेव्हाच त्यांनी मान हलवली. गॅस ते घेऊन गेले. जुन्या फ्रिजला टॉपअप करायला त्यांना तो लागतोच, आता नवीन मिळत नाही.

यापुढचं काम मामांचं, आणि त्यात त्यांना शिकवायला मी कोण? बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पाइपांचे फ्लेअर नट दोन पान्यांनी सोडवले, एक धरायला, एक फिरवायला; एकाच पान्यानं जोर लावला तर नटाबरोबर पाइपही पिळवटतो. उघड्या तोंडांना प्लॅस्टिक आणि रबरबँड. गॅसमधली ओल टिपणारा ड्रायर मात्र हवा लागली की ओल शोषून बाद होतो, तो थेट भंगारात. कंप्रेसर हातात घेतल्यावर त्याचं वजन कळलं. एवढं लोखंड आणि त्याचं ब्रॅकेट इतकी वर्षं इंजिनच्या ब्लॉकच्या एका कडेला टांगलेलं होतं.

इंजिनच्या क्रँक पुलीवर एसीच्या पट्ट्यासाठी एक जादा पुली बोल्टांनी आवळलेली होती. ती काढल्यावर मामा तेच बोल्ट परत लावणार नाहीत याची मला खात्री होती, आणि तसंच झालं. जादा पुलीच्या जाडीइतके ते बोल्ट लांब. तसेच लावले तर तळाला टेकतात, आवळल्यासारखे वाटतात, पण पुली घट्ट बसत नाही. उद्यमबागेतून योग्य लांबीचे, हाय टेन्साइलचे (जास्त ताण सोसणारे) बोल्ट मामांनी स्वतः निवडून आणले.

कंडेन्सर निघाला तेव्हा रेडिएटरचं खरं तोंड दिसलं. दोघांच्या मधल्या फटीत उसाचा पाला, किडे आणि माती मिळून नमदाच तयार झाला होता. घाटात काटा का चढायचा याचं अर्धं उत्तर तिथंच मिळालं. इंजिन तापतं म्हणून लोक थर्मोस्टॅट काढून टाकतात, मोठा पंखा लावतात; आधी ही फट बघावी.

खरं दुखणं आत होतं. डॅशबोर्डखालचा डबा काढला, कार्पेट आणि खालचा नमदा उचलला, तर डावीकडच्या सीटपुढचा पत्रा बोटानं दाबल्यावर आत गेला. डब्यातलं पाणी खाली सोडायची नळी कधीतरी निसटलेली; ते वर्षानुवर्षं नमद्यात जिरत राहिलं. वरून कुणाला काही दिसायचं कारणच नव्हतं. इंजिन आणि केबिनमधल्या पडद्याला पाइपांसाठी दोन भोकं पाडलेली, छिन्नीनं पाडली असावीत अशी. कडा कच्च्या, रबर नाही, एका पाइपावर पत्र्यानं घासून खाच पडलेली. तिथूनच थोडा थोडा गॅस झिरपून एसी थंड करेनासा झाला असावा. कुजलेला पत्रा कापून तेवढ्याच जाडीचा नवा जोडला, भोकं बुजवली, वर सीलर मारला. गॅस आधी काढून घेतल्यामुळे वेल्डिंगच्या वेळी मला फिकीर नव्हती.

वायरिंग थोडक्यात: एसीची वायर इग्निशन स्विचवरून थेट, मध्ये फ्यूज नाही. वायरमननं टोक न टोक शोधून ती मुळापासून काढली. नुसती कापून टेप गुंडाळली असती तरी चाललं असतं असं त्याचं म्हणणं होतं, माझं नव्हतं. एसीसाठी बसवलेला जादा अँपिअरचा अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) मात्र मी ठेवला. मूळ रूपाचा हट्ट धरणारे नावं ठेवतील, पण रात्री वायपर आणि हेडलाइट एकदम चालवताना तोच उपयोगी पडतो.

आता डबा, कंडेन्सर आणि कंप्रेसर माळ्यावर आहेत. चिक्कोडीच्या एका ओळखीच्या माणसाला त्याच्या गाडीसाठी कंप्रेसर पाहिजे आहे. आमचं ब्रॅकेट त्याला बसणार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय. येत्या रविवारी येऊन बघतो म्हणालाय.