जाळीआडचं व्हाइट हाऊस

वॉशिंग्टनमध्ये २०१९ साली व्हाइट हाऊसचं नवं कुंपण उभारायला सुरुवात झाली. उंची सुमारे १३ फूट, म्हणजे जुन्याच्या जवळपास दुप्पट. त्यावरून फोटो काढायचा विचार सोडाच.

गज गायब करायचे असतील तर २०० मि.मी. लेन्स, एफ/२.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडं), आणि लेन्सचं तोंड दोन गजांच्या मधोमध, जवळजवळ टेकवून. ऑटोफोकस हमखास गजावरच जाऊन बसतो, म्हणून फोकस हातानं करा. गजावर ऊन पडलेलं असेल तर तो पुसट होऊनही फोटोवर पांढुरकी धुरकट झाक सोडतो. त्या बाजूनं तळहाताची सावली धरा.

पण खरा विषय कुंपणच. जून २०२० मध्ये व्हाइट हाऊससमोरच्या लाफायेट चौकातल्या तात्पुरत्या काळ्या जाळीवर आंदोलकांनी फलक लावले, तेव्हा मागची इमारत नुसती पार्श्वभूमी उरली. अशा वेळी ३५ मि.मी. लेन्स, एफ/८ (छिद्र लहान), आणि समोरून नव्हे, जाळीला जवळजवळ समांतर उभं राहून तिरकं टिपा.

बारीक जाळी टिपताना सेन्सर फोटोत नसलेल्या लहरी (मॉयरे) उमटवतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर १०० टक्के मोठं करून बघा. दोन पावलं पुढं-मागं झालात की बहुतेकदा त्या जातात. नंतर संगणकावर काढणं म्हणजे डोकेदुखी.

ड्रोन मात्र तिथं अजिबात नाही.