फाल्कन हेवी बघायला जाताय? मग बूस्टर उतरताना दिसतील अशी जागा धरा

स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन हेवी रॉकेटचं उड्डाण बघायला अमेरिकेत फ्लोरिडाला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगते. रॉकेट कुठून सुटणार यावरून जागा ठरवू नका, बूस्टर कुठे उतरणार यावरून ठरवा. बूस्टर म्हणजे रॉकेटला वर ढकलणारे तीन खालचे भाग, दोन बाजूंना आणि एक मध्ये. काम झालं की ते सुटे होतात आणि परत येऊन उतरू शकतात. सुटणारं रॉकेट वीस-बावीस किलोमीटरवरूनही डोळे भरून दिसतं आणि त्याचा आवाज छातीत जाणवतो. परत येणारे बूस्टर मात्र लांबून नुसते ठिपके वाटतात, आणि खरी जादू तर त्या परत येण्यातच आहे.

आम्ही पाहिलं ते ११ एप्रिल २०१९चं उड्डाण. अरबसॅट-६ए हा सुमारे साडेसहा टनांचा दळणवळण उपग्रह घेऊन फाल्कन हेवी दुसऱ्यांदा उडणार होतं. पहिल्या खेपेला, ६ फेब्रुवारी २०१८ला, त्याने टेस्लाची लाल गाडी अवकाशात नेली होती. बाजूचे दोन्ही बूस्टर तेव्हा जोडीने जमिनीवर उतरले, मधला मात्र त्याला उतरण्यासाठी समुद्रात ठेवलेल्या तराफ्याजवळ पाण्यात आदळला. त्यामुळे २०१९च्या गर्दीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: या वेळी तिन्ही परत येतील का?

आता जागेविषयी जरा सविस्तर. केनेडी स्पेस सेंटरमधलं ३९ए हे प्रक्षेपण स्थळ आणि टायटसव्हिल गाव यांच्यामध्ये इंडियन रिव्हरची रुंद खाडी आहे. बहुतेक लोक टायटसव्हिललाच जातात. स्पेस व्ह्यू पार्क, मॅक्स ब्रूअर पूल आणि रस्त्याकडेच्या बागा या तिथल्या नेहमीच्या जागा. समोर मोकळं पाणी, पलीकडे रॉकेट, अंतर साधारण वीस किलोमीटर. सुटताना बघायला याहून सरळ दृश्य फुकटात मिळणार नाही. पण आमच्या वेळी बूस्टर केप कॅनाव्हरलच्या लँडिंग झोन १ आणि २ वर उतरणार होते, आणि टायटसव्हिलहून ती जागा तिसेक किलोमीटरवर पडते. याउलट पोर्ट कॅनाव्हरलच्या जेट्टी पार्कवरून प्रक्षेपण स्थळ बावीस-तेवीस किलोमीटर आणि उतरण्याची जागा फक्त दहाच्या आसपास. सुटताना दोन-तीन किलोमीटर गमावायचे आणि उतरताना वीस कमवायचे! आम्ही जेट्टी पार्क धरलं आणि आजही मी तेच सुचवेन.

पैसे खर्च करून अगदी जवळ जायचं असेल तर केनेडी स्पेस सेंटरचं पर्यटक केंद्र मोठ्या उड्डाणांसाठी वेगळी तिकिटं काढतं. त्यांच्या अपोलो/सॅटर्न ५ सेंटरच्या बाजूने रॉकेट सहा-सात किलोमीटरवर असतं. ही तिकिटं झटपट संपतात, तेव्हा तारीख जाहीर होण्याआधीपासूनच लक्ष ठेवा. प्लायालिंडा किनारा नकाशावर अगदी जवळ दिसतो, पण काही उड्डाणांच्या वेळी तो बंद ठेवतात. त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

सगळ्यात महत्त्वाची चौकशी मात्र वेगळीच आहे: तुम्ही जे उड्डाण बघायला जाताय त्यात बूस्टर परत येणार आहेत का? दरवेळी येतातच असं नाही. परत यायचं तर त्यासाठी इंधन राखून ठेवावं लागतं, आणि उपग्रह जड असेल किंवा फार लांब जायचं असेल तर ते राखता येत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये युरोपा क्लिपर यान गुरूकडे निघालं तेव्हा तिन्ही बूस्टर सोडून दिले गेले. त्याच्या वर्षभर आधी सायकी नावाच्या लघुग्रहाकडे सायकी यान गेलं तेव्हा बाजूचे दोन परतले आणि मधला सोडून दिला. उतरण्याची ठिकाणंही बदलू शकतात. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी मोहिमेची अधिकृत माहिती वाचा आणि मगच जागा ठरवा.

आमचं उड्डाण खरं तर १० एप्रिलला व्हायचं होतं. संध्याकाळी ६:३५ला खिडकी उघडणार होती, म्हणजे त्या वेळेपासून पुढच्या दोनेक तासांत कधीही रॉकेट सुटू शकत होतं. दुपारपासून लोक खुर्च्या टाकून बसले होते. वेळ पुढे सरकत गेली आणि शेवटी उंचावरच्या जोरदार वाऱ्यांमुळे उड्डाण रद्द झालं. इथल्या भाषेत स्क्रब झालं. हे नीट समजून घ्या, कारण तुमच्याही वाट्याला ते येण्याची दाट शक्यता आहे. हवामान पथक उड्डाणासाठी टक्केवारीत अंदाज देतं, पण उंचावरच्या वाऱ्यांचा हिशोब त्या टक्केवारीत नसतो. ते फुगे सोडून वेगळे मोजतात. नव्वद टक्के अनुकूल वाचून गेलात तरी उड्डाण होईलच असं नाही. पाठीशी किमान दोन मोकळे दिवस ठेवा. त्या रात्री परतीचं विमान होतं म्हणून निघून जाणारी कुटुंबं आम्ही पाहिली, रडवेली मुलं पाहिली. इतक्या लांब येऊन असं परत जाणं कोणाच्याही नशिबी येऊ नये.

रात्री ओरलँडोला न जाता कोको बीचला राहिलो याचा मोठा फायदा झाला. जेट्टी पार्क आणि कोको बीच समुद्राकडच्या एकाच पट्टीवर आहेत, त्यामुळे खाडीवरचे तुंबलेले पूल ओलांडावे लागले नाहीत. उड्डाणाच्या तारखांना खोल्यांचे भाव चढतात हे खरं. पण ओरलँडोहून तासाभराचा तो रस्ता उड्डाणानंतर तीन-चार तास खातो. जेट्टी पार्कात गाडी लावायला पैसे पडतात आणि मोठ्या उड्डाणाला ते लवकर भरतं. आगाऊ पास मिळत असेल तर घ्या, नाहीतर सकाळीच जाऊन बसा. स्वच्छतागृहं आहेत, सावली कमी आहे. टोपी, भरपूर पाणी, डबा आणि संध्याकाळसाठी डासांचं मलम हवंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर एक बातमी पसरली. इस्राएलमधल्या एका खाजगी संस्थेचं बेरेशीट हे यान चंद्रावर उतरताना कोसळलं होतं. फेब्रुवारीत ते इथूनच, स्पेसएक्सच्याच फाल्कन ९ या एका बूस्टरच्या लहान रॉकेटवरून गेलं होतं. अनोळखी माणसं एकमेकांना सांगत होती, हळहळत होती. ही गर्दी नुसत्या आतषबाजीसाठी जमलेली नव्हती. आमच्या शेजारी बसलेल्या आजोबांनी स्पेस शटलची कितीतरी उड्डाणं याच किनाऱ्यावरून पाहिली होती. २०११मध्ये शटल थांबल्यावर इथली हॉटेलं कशी ओस पडली ते त्यांनी सांगितलं. अपोलो ११ जिथून गेलं त्याच ३९ए वरून आता एका खाजगी कंपनीचं रॉकेट सुटतंय याचं त्यांना काही वावडं नव्हतं. लोक पुन्हा येताहेत याचा मात्र मनापासून आनंद होता.

इंधन भरणं सुरू झाल्याची बातमी ही सगळ्यात आशेची खूण. ते शेवटच्या तासात होतं. ती आली की गर्दीचा नूरच पालटतो. मोबाइलचं नेटवर्क मात्र याच सुमाराला दम तोडतं, आणि चाललंच तर त्यावर दिसणारं उड्डाणाचं थेट चित्रण काही सेकंद मागे असतं. वेळ जुळवलेलं साधं घड्याळ हाताला असू द्या.

बरोबर ६:३५ला क्षितिजावर प्रकाश उमटला. सत्तावीस इंजिनं एकदम पेटली होती आणि आवाज काहीच नव्हता. रॉकेट नि:शब्द वर चढत गेलं आणि मिनिटभराने, मान उंचावून बघावं लागेल इतकं ते वर गेल्यावर, तो आवाज पोचला. आधी घरघर, मग जाडं कापड कोणीतरी टराटरा फाडत असावं तसा कडकडाट. अडीच मिनिटांच्या सुमारास बाजूचे बूस्टर सुटे झाले. दुर्बीण असेल तर ती आता डोळ्याला लावा. ७x५० किंवा १०x५० पुरते. फोटोच्या नादात हा भाग घालवू नका, याहून चांगले फोटो नंतर हवे तितके मिळतात.

मग चार-पाच मिनिटं आकाशात शोधाशोध. कोणीतरी ओरडलं, बोटं वर गेली. दोन ज्वाळा शेजारी शेजारी पेटल्या आणि विझल्या. नंतर दोन काळ्या काड्या सरळ खाली पडू लागल्या. इतक्या वेगाने की आता आपटणार असंच वाटलं. जमिनीजवळ पुन्हा ज्वाळा, पाय उघडले आणि काही क्षणांच्या अंतराने दोन्ही उतरले. आम्ही होतो तिथून शेवटचा थोडा भाग झाडीआड गेला. टाळ्या सुरू झाल्या आणि तेवढ्यात दणके आले. हे ध्वनिवेगापेक्षा जास्त वेगाने आल्यामुळे होणारे धमाके. इंजिनांकडचं टोक, दुमडलेले पाय आणि वरचे जाळीदार पंख यांमुळे एकेका बूस्टरचे तीन-तीन. ते एकमेकांत मिसळून तोफांची फैर झडावी तसे अंगावर येतात. लहान मुलांना आधी सांगून ठेवा, कान झाका. कुत्र्यांना आणूच नका. मी नवऱ्याचा हात धरून रडत होते आणि आजूबाजूला बरेच जण रडत होते.

मधला बूस्टरही समुद्रातल्या तराफ्यावर उतरल्याचं थोड्या वेळाने कळलं आणि किनाऱ्यावर पुन्हा आरोळी उठली. तिन्ही परतण्याची ती पहिलीच वेळ. पुढे खवळलेल्या समुद्रात तो मधला तराफ्यावर कलंडला, याचं वाईट वाटलंच. पण बाजूचे ते दोघे जूनमध्ये पुन्हा उडाले, रात्री अडीच वाजता, आणि पुन्हा उतरले. आपण ज्यांना उतरताना पाहिलं तेच पुन्हा गेले, हे वाचताना झालेला आनंद मला अजून आठवतो.

उड्डाणानंतर लगेच गाडी काढू नका. दोन तास किनाऱ्यावरच बसा, डबा खा, गप्पा मारा. गाडीची टाकी सकाळीच भरून ठेवा. आणि सुट्टी उरली असेल तर आणखी एक गोष्ट करा. फाल्कन ९चे बरेच बूस्टर तराफ्यावर उतरतात आणि काही दिवसांनी ते तराफे जेट्टी पार्कच्या कडेच्या कालव्यातून बंदरात येतात. काजळीने माखलेला उभा बूस्टर मासेमारीच्या लांब धक्क्यावरून अगदी जवळून बघता येतो. येण्याची वेळ जहाजांचा माग दाखवणाऱ्या ॲपवरून साधारण कळते. त्यासाठी वेगळं तिकीट लागत नाही.