फूलगळ थांबली! (एक झाड सोडून)

मंडळी, आज सकाळी दोन नंबरच्या टोमॅटोच्या तिसऱ्या घोसावर हिरवा मणी दिसला. मोहरीएवढा. वाळलेल्या पाकळ्या त्याच्या टोकाला टोपीसारख्या अडकल्या होत्या, त्या नखाने हलकेच बाजूला केल्या आणि मगच विश्वास बसला. साडेतीन आठवडे रोज खाली पडलेली फुलं वेचतोय, त्यामुळे या एका मण्याचं मोल तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मागच्या पोस्टमध्ये मी फूलगळीचं सगळं खापर जास्तीच्या नत्रावर फोडलं होतं. नत्राचं खत बंद केलं, पाला आटोक्यात आला, फुलंही वाढली, पण गळ तशीच. मग उन्हाचा संशय आला. टोमॅटोची फळधारणा अडते ती दिवसा साधारण 32 अंशांच्या पुढे, किंवा रात्री 13 च्या खाली गेलं तर. कमाल-किमान थर्मामीटर आठवडाभर टांगून ठेवला. दिवसा 28, रात्री 16. म्हणजे तेही नाही. पाण्याचं म्हणाल, तर दोन काड्यांचा तो स्वस्त ओलावा-मीटर मी आता कायमचा बाजूला ठेवलाय. खताचे क्षार असले की तोच कुंडा जास्त ओला दाखवतो. बोट दोन पेरं आत घालून जे कळतं, ते त्याला कळत नाही.

या सगळ्यात एक खूण मात्र पक्की हाती लागली. फुलाच्या देठावर मध्येच गुडघ्यासारखी एक गाठ असते. फूल गळणार असेल तर पाकळ्या टवटवीत असतानाच देठ पिवळा पडायला लागतो, आणि दोन दिवसांत फूल बरोबर त्या गाठीवर तुटतं. देठ हिरवा राहिला तर आशा धरायची. रोज सकाळी भिंग घेऊन मी देठच बघत बसायचो.

उलगडा झाला तो मोबाइलमुळे. स्क्रीन बंद करून काळी काच फुलाखाली धरली आणि फुलाला टिचकी मारली. सकाळी सात वाजता काहीच पडलं नाही. रविवारी साडेअकराला तेच केलं, तर काचेवर फिकट पिवळ्या धुळीचा, म्हणजे परागाचा, एक श्वासभर डाग! आणि मी आठवडाभर सकाळी सातला, दमट हवेत, रंगाच्या ब्रशने फुलं चाळवत होतो.

ब्रशचा तसाही उपयोग नव्हता. मिरचीचे परागकोश (परागाच्या पिशव्या) उभे उकलतात, पराग बाहेर दिसतो, तिथे ब्रश चालतो. टोमॅटोत परागकोश एकमेकांना चिकटून नळी होते, पराग आतल्या बाजूला सुटतो आणि टोकाकडूनच बाहेर येतो. ती नळी थरथरायला हवी. मोकळ्यावर हे काम वारा करतो आणि भुंगा करतो. भुंगा फूल घट्ट धरतो, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो, आणि पराग अंगावर झाडून घेतो. नेहमीच्या मधमाशीला हे जमत नाही. माझी बाल्कनी काचेने बंद, त्यामुळे ना वारा, ना भुंगा. झाडाची यात काहीच चूक नव्हती.

मग इलेक्ट्रिक टूथब्रश काढला. पहिल्या दिवशी थेट फुलाला लावला आणि दोन नळ्या तपकिरी पडल्या. तसं करू नका. घोसाच्या मुख्य दांड्याला मागून टेकवायचा, दोन-तीन सेकंद, दहा ते बाराच्या दरम्यान, एक दिवसाआड. चार घोसांना वेगवेगळ्या रंगांची लोकर बांधून तुलना केली. हात न लावलेल्या घोसात 7 पैकी 1 फळ धरलं, रंगाच्या ब्रशच्या घोसात 6 पैकी 1, टिचकीच्या घोसात 6 पैकी 3, आणि टूथब्रशच्या घोसात 7 पैकी 6! वांग्यांवरही हेच चालावं, त्यांच्या परागकोशांनाही टोकालाच छिद्रं असतात.

मधल्या काळात गुलाबावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला होता. फवारणीची तयारी केली होती, तेवढ्यात पानामागे काळसर, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी अळी दिसली. चिरडणारच होतो. ती मावा खाणाऱ्या लेडीबर्डची अळी निघाली, आणि पाच दिवसांत त्या फांदीवर माव्याच्या नुसत्या पांढऱ्या काती उरल्या. फवारा परत कपाटात.

आता राहिलेलं झाड, मोठ्या फळाचं जुनं वाण. त्याला टूथब्रशनेही काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात ते उपटून त्या कुंड्यात चेरी टोमॅटो लावायचं ठरवलं होतं, हे लिहायला बसलो तेव्हाही तेच डोक्यात होतं. पण मघाशी नळीचं लिहिताना उठून भिंगातून पुन्हा पाहिलं. याची मधली काडी नळीच्या बाहेर आली आहे! तिच्या टोकाची हिरवी कुक्षी, जिच्यावर पराग पडायला हवा, टाचणीच्या डोक्यासारखी पुढे डोकावते. काही जुन्या वाणांत ही काडी मुळातच लांब असते. फूल खाली वाकलेलं, त्यामुळे पराग सुटला तरी कुक्षीला चुकवून सरळ खाली पडत असणार.

म्हणजे उपटायचं नाही. उद्या अकरा वाजता काळ्या प्लॅस्टिकच्या चमच्यात दोन नंबरच्या झाडाचा पराग जमा करायचा आणि याची कुक्षी त्यात हलकेच बुडवायची. बी धरायचं ठरलं तर वाण तेच राहावं म्हणून याच झाडाचा पराग घ्यावा लागेल, म्हणून दोन फुलांवर तसंही करून बघतो. या झाडाला लाल लोकर बांधून ठेवली आहे. उमललेली फुलं पाच आहेत, त्यातल्या चारांचे देठ आत्ता संध्याकाळपर्यंत हिरवे आहेत.