बडोद्यात प्रिंटमेकिंगचा शेवटचा डिस्प्ले लावताना

बडोद्याच्या फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समध्ये शेवटच्या वर्षाचा डिस्प्ले, म्हणजे परीक्षकांसाठी केलेली कामांची मांडणी, भर उन्हाळ्यात लागतो, आणि प्रिंट (प्लेटवरून कागदावर काढलेली छापचित्रं) टांगण्याच्या बहुतेक अडचणी त्या उन्हाळ्यातूनच निघतात. पारा चाळिशीपार गेला की दुपारी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा गोंद मऊ पडतो, वजन पेलत नाही आणि सकाळी नीट बसलेलं काम संध्याकाळी जमिनीवर असतं. त्याहून वाईट म्हणजे तोच गोंद कागदात मुरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. म्हणून माझ्या प्रिंटच्या पाठीला टेप लावायची नाही हे आधीच ठरवलं होतं.

फ्रेम नसलेल्या एचिंगसाठी (आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून काढलेल्या प्रिंटसाठी) मी दोन पद्धती वापरल्या. छोटी प्रिंट आम्लविरहित माउंटबोर्डवर कागदी बिजागरीने बसवली. वाशी या जपानी कागदाची पट्टी कात्रीने कापायची नाही, पाण्याची रेघ ओढून फाडायची. फाटलेल्या कडेचे तंतू मऊ असतात, त्यामुळे पुढच्या बाजूला वळ उठत नाही. मैद्याची खळ पातळ, गाळून घेतलेली हवी. प्रिंटच्या वरच्या कडेला दोनच बिजागऱ्या, त्यावर टिपकागद आणि वजन, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. चारी बाजू चिकटवण्याचा मोह होतोच. पण कागद हवेतला ओलावा घेऊन फुगतो, आणि सगळीकडून जखडलेला असला की त्याला जायला जागा उरत नाही, मग मधोमध लाटा येतात.

मोठ्या प्रिंटसाठी लोहचुंबक. भिंतीत सपाट डोक्याचा लोखंडी स्क्रू भिंतीच्या पातळीत बसवायचा, त्यावर प्रिंट, प्रिंटवर पांढऱ्या कागदाची छोटी चकती आणि वर 10 मिलिमीटरचा निओडिमियम चुंबक. चकती विसरली तर चुंबकाचा गोल ठसा कागदावर उमटतो. 70 सेंटिमीटरपेक्षा रुंद कागदाला वरच्या कडेला चार चुंबक लागतात, दोनवर मध्यभाग झोळीसारखा लोंबतो. छताचा पंखा कामाच्या थेट वर असेल तर तो बंद ठेवण्याची परवानगी आधी घ्यावी. फडफडणारा कागद चुंबकाच्या कडेलाच फाटतो.

उंचीचं गणित सोपं आहे, पण डोळ्याच्या अंदाजाने करू नये. कामाचा मध्य जमिनीपासून 145 सेंटिमीटरवर धरला. 60 सेंटिमीटर उंच फ्रेमची वरची कड मग 175 वर येते. फ्रेममागच्या कड्या वरच्या कडेपासून 5 सेंटिमीटर खाली असतील तर स्क्रू 170 वर. तार लावली असेल तर ती बोटाने वर ताणून, ताणलेल्या अवस्थेत वरच्या कडेपासूनचं अंतर मोजायचं, नाहीतर काम खाली येतं. मी तार टाळली. दोन कड्या आणि दोन स्क्रू असले की फ्रेम तिरकी होत नाही.

जुन्या भिंतींत गिट्टी (स्क्रू पकडून ठेवणारी भोकातली खुंटी) बसवणं हेच सगळ्यात त्रासाचं. गिलावा भुसभुशीत असतो. ड्रिल थेट हॅमर मोडवर चालवलं की 6 मिलिमीटरचं भोक 10 चं होतं आणि गिट्टी आत गरगर फिरते. गिलाव्यातून साध्या मोडवर, हळू वेगाने जायचं आणि वीट लागली की मगच हॅमर चालू करायचा. भोक मोठं झालंच तर लाकडाची खुंटी फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकायची. भोकाखाली दुमडलेला कागद चिकटपट्टीने लावला की लाल धूळ त्यातच पडते. रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवर ती पसरली तर पुसून जात नाही.

दिवा कामाच्या मध्यावर तिरका पडावा, उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांत. दहा फुटी छताला म्हणजे भिंतीपासून सुमारे तीन फुटांवर. जवळ आला की एम्बॉसिंगच्या (कागदावर दाबून उठवलेल्या आकारांच्या) सावल्या लांबतात, दूर गेला की काचेत बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो.

डिस्प्लेचा एक भाग भिंतीबाहेरचा आहे. मे 2007 मध्ये याच फॅकल्टीत परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवर बाहेरच्या लोकांनी येऊन आक्षेप घेतला. एका विद्यार्थ्याला अटक झाली, आणि विद्यार्थ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित केलं गेलं. परीक्षेची मांडणी हे परीक्षकांसमोर ठेवलेलं काम असतं, खुलं प्रदर्शन नव्हे, आणि हा फरक विद्यार्थ्यांनी स्वतः जपला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आम्ही दारावर ‘अंतर्गत मूल्यमापन’ अशी पाटी लावली, येणाऱ्यांची नोंदवही ठेवली, किल्ली कोणाकडे हे लिहून ठेवलं आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) होईपर्यंत कामांचे फोटो मोबाइलवरून कुठेही पाठवायचे नाहीत हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. भीतीपोटी काम मात्र कोणी बदलू नये. बदललेलं काम व्हायवात बचावता येत नाही, कारण ते आपलं राहिलेलंच नसतं.

लेबलवर नाव, शीर्षक, माध्यम, आकार (आधी उंची, मग रुंदी), वर्ष. प्रिंटवर पेन्सिलीनेच लिहायचं: डावीकडे एडिशनचा (एकाच प्लेटवरून काढलेल्या प्रतींच्या संचाचा) क्रमांक, उजवीकडे सही. परीक्षक हे वाकून वाचतात, आणि 3/10, म्हणजे दहापैकी तिसरी प्रत, असं लिहून बाकीच्या प्रिंट काढलेल्याच नसतील तर तसं विचारतात.

उतरवताना स्क्रू अर्धा आत ठेवून पकडीने ओढला की गिट्टीही बाहेर येते. पुट्टी वाळताना आकसते, म्हणून दोन हात, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, मग रंग. त्याच डब्यातला अर्धा लिटर रंग राखून ठेवावा, कारण दुसऱ्या डब्याची पांढरी छटा वेगळी निघते. प्रिंट ग्लासिन या गुळगुळीत, पारभासक कागदात, दोन बोर्डांच्या मध्ये, आडव्याच न्याव्यात. गुंडाळाव्या लागल्याच तर निदान चार इंची नळीवर.