संध्याकाळी पाचचे मजूर

आज उपासनेनंतर चर्चच्या पडवीत चहा आला आणि कुरबुर सुरू! नाताळच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायचा मान यंदा नव्यानेच येऊ लागलेल्या एका ताईंना दिलाय. "आमच्या तीन पिढ्या इथे गेल्या," एक काका बशीत चहा ओतत म्हणाले.

गंमत म्हणजे आजचा संदेश बायबलमधल्या मत्तय, अध्याय 20 वरच होता. द्राक्षमळ्यात पहाटेपासून राबलेल्यांना आणि संध्याकाळी पाचला आलेल्यांना सारखीच मजुरी. वर मालक शेवटच्यांना आधी पैसे देतो, पहाटेवाल्यांच्या डोळ्यांदेखत. प्रभू येशूने हा दाखला, म्हणजे ही बोधकथा, मुद्दाम अशी रचलीय, मला तरी तसंच वाटतं. ठरलेली मजुरी कुणाचीच कापली नव्हती, खुपली ती शेजाऱ्याची.

काकांना म्हटलं, "आज मळ्याच्या मालकाबद्दल ऐकलंत ना?"

"मालकाचं राहू दे गं, यादी कुणी केली ते सांग!"