व्हिडिओ फाइलपासून प्लेयरवर चालणारी डीव्हीडी

कोऱ्या डीव्हीडीवर एमपीफोर फाइल जशीच्या तशी कॉपी केली, तर तयार होते ती डेटा डीव्हीडी. संगणकात ती विनातक्रार उघडते, काही नव्या प्लेयरमध्येही चालून जाते; पण टीव्हीखाली वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असलेला साधा प्लेयर ती वाचण्यास साफ नकार देतो. त्यात प्लेयरचा दोष नाही. तो गेल्या शतकाच्या अखेरीस ठरलेल्या डीव्हीडी-व्हिडिओ या मानकापुरताच तयार केलेला असतो आणि आज सर्रास वापरला जाणारा एच.२६४ व्हिडिओ किंवा एएसी आवाज त्या मानकात बसत नाही. म्हणून फाइल नव्याने एन्कोड करावी, म्हणजे मानकातल्या स्वरूपात बदलून घ्यावी लागते. घरच्या संगणकावर हे काम विनामूल्य सॉफ्टवेअरने उत्तम होते. मात्र ‘कन्व्हर्ट’चे बटण दाबण्याआधी काही गोष्टी आपल्या आपणच ठरवाव्यात असे माझे ठाम मत आहे, कारण सॉफ्टवेअरवर सोडलेल्या निर्णयांमुळेच घरगुती डीव्हीडी बहुधा बिघडतात.

मानकाची अपेक्षा थोडक्यात अशी: चित्र एमपेग-२ स्वरूपात हवे, पॅल या भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीत ७२० × ५७६ पिक्सेल आणि सेकंदाला २५ फ्रेम, तर एनटीएससी या अमेरिका-जपानमधल्या पद्धतीत ७२० × ४८० पिक्सेल आणि २९.९७ फ्रेम. आवाज ४८ किलोहर्ट्झचा आणि एसी-३ स्वरूपात ठेवला की त्याची चिंता संपते.

पॅल की एनटीएससी, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. ‘आपल्याकडे पॅल चालते’ एवढ्यावर लोक निर्णय घेतात. खरे तर आधी मूळ फाइलचा फ्रेमरेट पाहावा. फोनवरचे चित्रण बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेमचे असते. ते पॅलमध्ये बसवायचे म्हणजे दर सहा फ्रेमपैकी एक गाळणे आले. कॅमेरा स्थिर असेल तर हे कळतही नाही, पण कोणी उभ्या माणसांच्या रांगेवरून कॅमेरा सावकाश फिरवला असेल, तर चित्र ठरावीक अंतराने ठेचकाळत पुढे सरकते आणि एकदा ते लक्षात आले की दुसरे काही दिसेनासे होते. पॅल देशांत विकले गेलेले बहुसंख्य प्लेयर एनटीएससी डिस्कही वाचतात, त्यामुळे अशा चित्रणासाठी मी बेधडक एनटीएससी निवडतो. जुन्या पॅल कॅमकॉर्डरचे २५ फ्रेमचे चित्रण असेल, तर अर्थातच पॅल. डिस्क एनटीएससी प्रदेशातल्या नातेवाइकांना पाठवायची असेल, तर मात्र पर्याय उरत नाही, कारण तिथले पुष्कळसे प्लेयर पॅल वाचत नाहीत. आणखी एक मेख अशी की, फोन अनेकदा प्रकाशानुसार फ्रेमरेट कमी-जास्त करत राहतो. अशी फाइल थेट वापरली, तर सुरुवातीला जुळलेले ओठ आणि शब्द शेवटाकडे जाता जाता एकमेकांपासून दुरावू शकतात. ती आधी हँडब्रेकसारख्या प्रोग्रॅममधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, दर्जा शक्य तितका वरचा ठेवून काढून घ्यावी.

त्यानंतर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रणाला किती बिट द्यायचे ते. हे गणित मी कागदावरच करतो. डिस्कवर ४.७ जीबी छापलेले असते. ही क्षमता दशमान मोजणीची आहे, म्हणून विंडोज तीच जागा सुमारे ४.३८ जीबी दाखवते. बिटमध्ये ती होते ३७.६ अब्ज. चित्रण दोन तासांचे, म्हणजे ७,२०० सेकंदांचे असेल, तर भागाकार येतो सेकंदाला साधारण ५,२०० किलोबिट. त्यातून आवाजाचे १९२ आणि मेनू व इतर रचनेसाठी थोडी जागा वजा केली की चित्रासाठी ४,८०० उरतात आणि तेवढ्यात चित्र छान येते. दीड तासाला ६,५०० मिळतात. तासाभराच्या चित्रणाला भागाकार १०,४०० च्या वर जातो, पण तिथे मोह आवरावा: मानकाची चित्राची कमाल मर्यादा ९,८०० आहे आणि घरी बर्न केलेल्या डिस्क त्या मर्यादेच्या आसपास जुन्या प्लेयरमध्ये अडखळू शकतात. मी ८,००० च्या पुढे जात नाही. खरी पंचाईत होते ती तीन तासांच्या समारंभाची. तिथे वाट्याला जेमतेम ३,२०० येतात आणि वाहते पाणी, हलणारी पाने, अंधारातली गर्दी अशा दृश्यांत चित्राचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. ‘टू-पास’ एन्कोडिंगने वेळ वाढतो, पण सॉफ्टवेअर आधी संपूर्ण चित्रण तपासून बिट कुठे खर्चायचे ते ठरवत असल्याने, अशा वेळी ते वापरावेच. तरीही भागले नाही, तर सरळ दोन डिस्क कराव्यात. मूळ चित्रणच धूसर असेल, तर ३५२ × ५७६ हे पॅलमधले मान्य मापही वापरता येते. कमी पिक्सेलमध्ये तेच बिट विभागले गेल्याने ठोकळे कमी होतात.

चित्राचा आकार ४:३ की १६:९, हे डिस्कमध्ये खुणेने नोंदवलेले असते, पिक्सेल दोन्हींना ७२०च. ही खूण चुकली की माणसे काडीसारखी बारीक नाहीतर आडवी पसरलेली दिसतात, एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे.

सॉफ्टवेअरबाबत माझी पसंती डीव्हीडीस्टाइलरला आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते आणि साधा, नेटका मेनू करू देते. लिनक्सवर डेव्हेडे (DeVeDe) हाही सोपा पर्याय आहे. विंडोज ७ सोबत मिळणारा डीव्हीडी मेकर विंडोज ८ मध्ये काढून टाकला गेला, त्यामुळे जुन्या लेखांतला तो सल्ला सोडून द्यावा. आज्ञा टाइप करण्याची सवय असलेल्यांना एफएफएमपेग आणि डीव्हीडीऑथर ही जोडी पुरेशी आहे. मराठी सबटायटल द्यायची असतील, तर एक दिलासा आहे: डीव्हीडीत सबटायटल अक्षरे म्हणून नव्हे, चित्रे म्हणून साठवली जातात, त्यामुळे प्लेयरमध्ये देवनागरी फॉन्ट असण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र ती चित्रे करणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरे नीट जुळवता आली पाहिजेत. पहिल्या ऱ्हस्व वेलांटीला आणि पहिल्या रफारालाच त्याची परीक्षा होते, म्हणून दोन मिनिटांचा नमुना काढून पाहावा.

सगळे झाल्यावर हाती येतो ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर. त्यात चित्र आणि आवाज असलेल्या व्हीओबी फाइल, प्रत्येकी जास्तीत जास्त एक जीबीच्या, आणि कुठे काय आहे ते प्लेयरला सांगणाऱ्या छोट्या आयएफओ फाइल व त्यांच्या प्रती असतात. हा फोल्डर व्हीएलसी या संगणकावरच्या व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडून मेनू व प्रकरणे तपासावीत. बर्न करताना तो डिस्कच्या मुळाशीच असायला हवा; दुसऱ्या एखाद्या फोल्डरच्या पोटात गेला, तर प्लेयर त्याला शोधत नाही. इमगबर्नसारखे प्रोग्रॅम फोल्डर ओळखून योग्य फाइल सिस्टिम स्वतःच लावतात. वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवावा. ४एक्सने पूर्ण भरलेल्या डिस्कला सुमारे पाव तास लागतो. शेवटी डिस्क ‘फायनलाइझ’ झाल्याची, म्हणजे तिचे लेखन पूर्ण करून बंद झाल्याची, खात्री करून घ्यावी. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये, कारण त्याने तोल बिघडून ती फिरताना थरथरू शकते. आणि प्लेयरमध्ये घालून पाहताना सुरुवातीच्या दृश्यावर समाधान न मानता थेट शेवटच्या प्रकरणावर जावे, कारण डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बर्निंगचे दोष बहुधा बाहेरच्या कडेला निघतात.