एसीचा गॅस दोनदा भरला तरी हवा गरमच

आईला बीपी आहे आणि ऊन अजिबात सोसत नाही, त्यामुळं गाडीचा एसी मला चांगलाच लागतो. गेल्या उन्हाळ्यात जयसिंगपूरहून कोल्हापूरला येताना रस्त्याला गार हवा यायची पण तावडे हॉटेलजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो की नुसतं कोमट वारं. एका गॅरेजमध्ये दाखवलं, त्यानं काही न बघता गॅस कमी झालाय म्हणून भरून दिला, 1,500 रुपये घेतले. वीसेक दिवस बरं चाललं, परत तेच, परत गॅस भरला, परत तेच. आई घामानं भिजून मागं बसलेली बघवत नव्हतं.

शेवटी उद्यमनगरात एका जुन्या मेस्त्रींकडं गाडी नेली. ते पहिल्यांदा हेच बोलले, "गॅस काय पेट्रोल हाय व्हय जळून संपायला? कमी झालाय म्हंजे कुठनं तरी गळतोय, आदी ते हुडकूया." हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे 3 हजार वाचले असते.

ग्लोव्ह बॉक्स खोलून केबिन फिल्टर काढला तर त्यात लिंबाची पानं, धूळ आणि फडात पाचट पेटवल्यावर उडते ती काळी काजळी. पुढं कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, जाळीत किडे आणि माती गच्च बसलेली, गाडी पळताना वारं लागायचं म्हणून भागत होतं, उभी राहिली की उष्णता बाहेर पडायची कुठनं? तो साध्या पाण्यानं धुतला, जोराचं प्रेशर मारलं तर पात्या वाकतात.

लीक निघालं एका पाईपच्या जॉइंटला. तिथं तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली, नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे यायला लागले, मी वाकून बघितले. आतली रबरी ओ-रिंग चिरलेली, एवढीशी वस्तू! ती बदलली, पाऊण तास व्हॅक्युम लावून आतली हवा आणि ओलावा काढला, परत कुठं गळत नाही ना म्हणून प्रेशर गेजचा काटा जागेवर राहतोय का बघितलं आणि मगच आर-134ए गॅस वजनावर भरला. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं, जास्त झाला तरी कूलिंग कमीच होतं.

आता उन्हातली गाडी असली की आधी काचा खाली करून दोन मिनिटं गरम हवा घालवतो, मग काचा बंद करून रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं बटण, लावतो. थंडीतही आठवड्यातनं एकदा दहा मिनिटं एसी चालू ठेवतो, नाहीतर कॉम्प्रेसरचं सील सुकतं असं मेस्त्रींनी बजावून सांगितलंय.